वर्गणीचं रान

ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला फाटक नाही. अमेरिकेतल्या बहुतेक नावाजलेल्या राष्ट्रीय उद्यानांत शिरताना रस्त्यात चौकी लागते, गाडीमागे पैसे भरावे लागतात. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवरच्या या डोंगरांत मात्र गॅटलिनबर्ग गावातलं शेवटचं दुकान मागे पडलं, की गाडी थेट झाडांत शिरते. इथला मुख्य रस्ता केंद्र सरकारच्या ताब्यात देताना टेनेसी राज्याने अट घातली होती, की या रस्त्यावर कधीही टोल लावायचा नाही. ती अट आजही पाळली जाते. २०२४ साली या उद्यानात सुमारे १ कोटी २२ लाख भेटी नोंदल्या गेल्या; ग्रँड कॅन्यनच्या दुपटीहून जास्त. त्यातला मोठा लोंढा ऑक्टोबरात येतो, आणि तो पानं बघायला येतो.

अटलांटा, शार्लट, रॅली या शहरांतून इथे तीन ते पाच तासांत पोचता येतं. तिथल्या मराठी घरांतही नवरात्र आणि दिवाळीच्या मधला एखादा शनिवार-रविवार ‘फॉल कलर्स’साठी राखून ठेवलेला असतो. सहलीची रीत बहुतेकांची सारखीच. न्यूफाउंड गॅपच्या खिंडीपर्यंत गाडी न्यायची, कठड्याशी उभं राहून फोटो काढायचे, दुसऱ्या दिवशी केड्स कोव्हच्या अकरा मैलांच्या एकेरी रस्त्यावर मुंगीच्या पावलांनी फिरायचं आणि परतायचं. डोळ्यांचं पारणं फिटतं, यात शंका नाही. पण हेच डोंगर जाणत्या वाटाड्याबरोबर पाहिले, तर ध्यानात येतं की समोरचा उतार लाल किंवा पिवळा असण्याला कारणं आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी माणसांच्या करणीची आहेत.

असे वाटाडे इथे अनेक प्रकारचे आहेत. उद्यानाचे रेंजर लोकांना मोफत फिरवतात. ट्रेमॉन्टच्या दरीत १९६९ पासून चालणारी निवासी निसर्गशाळा आहे. तिथे शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत सगळे काही दिवस राहून रान शिकतात. शिवाय गॅटलिनबर्ग, पिजन फोर्ज, टाउनसेंड या गावांतून उद्यानाचा परवाना घेतलेल्या व्हॅन निघतात. चांगला वाटाडा कोण, हे ओळखायची माझी खूण एकच आहे. तो रंग दाखवून थांबत नाही, या रानासाठी कुणी काय दिलं तेही सांगतो. कारण हे रान वर्गणीतून उभं राहिलेलं आहे. काहींनी ती खुशीने दिली, काहींकडून ती वसूल केली गेली.

तारीख नको, उंची विचारा

रंग नक्की कधी भरात असतात, हा प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न. त्याला एक तारीख सांगता येत नाही. उद्यानाचा सर्वांत खालचा कोपरा समुद्रसपाटीपासून ८७५ फुटांवर आहे, तर कुवोही हे शिखर ६,६४३ फुटांवर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून बाराशे फूट उंच. माथ्याकडचे बर्च, बीच आणि पिन चेरी सप्टेंबरच्या मध्यापासून पिवळे पडू लागतात. मग रंग एकेक टप्पा उतरत खाली येतो. ऑक्टोबरच्या मध्याला तो मधल्या उतारांवरच्या मेपलांपर्यंत पोचतो, आणि नोव्हेंबर उजाडताना पायथ्याचे स्कार्लेट ओक, हिकरी, स्वीटगम रंगलेले असतात. तोवर वरचे बर्च आणि बीच निष्पर्ण होऊन गेलेले असतात. हा उतार सहा-सात आठवडे चालतो. त्यामुळे अमुक शनिवार हुकला म्हणून हळहळायचं कारण नाही. त्या आठवड्यात रंग कोणत्या उंचीवर आहे एवढं माहीत हवं.

गॅटलिनबर्गजवळच्या शुगरलँड्सपासून न्यूफाउंड गॅपच्या ५,०४६ फुटांवरच्या खिंडीपर्यंत रस्ता जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा आहे, पण तेवढ्यात तो तीन हजारांहून जास्त फूट चढतो. दक्षिणेतल्या जॉर्जियापासून थेट कॅनडाच्या हद्दीवरच्या मेनपर्यंत जितक्या तऱ्हेची जंगलं लागावीत, तितकी या एका घाटात भेटतात असं इथे सांगतात. खाली ओक आणि पाइन, ओलसर खोऱ्यांत ट्युलिप पॉपलर आणि बासवुड, वर बीच आणि बर्च, आणि खिंडीच्या आसपास बारमाही हिरवे स्प्रूस आणि फर. हिमयुगात बर्फाचे थर इतक्या दक्षिणेला आले नाहीत. उत्तरेची झाडं पिढ्यान्‌पिढ्या सरकत इथवर आली, आणि हवा पुन्हा उबदार झाल्यावर डोंगर चढून वर राहिली. इथे मूळच्या झाडांच्या शंभरावर जाती आहेत. एकाच वळणावर दहा छटा दिसतात त्याचं कारण या गर्दीत आहे.

या गर्दीतून एकेक झाड वेगळं काढणं हे वाटाड्याचं पहिलं काम. सावरवुडची पानं मद्यासारखी गडद लाल होतात आणि त्याच्या वाळलेल्या फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला लोंबत राहतात. डॉगवुड जांभळट होतो, वर लालचुटुक फळांचे झुपके. सॅसाफ्रासच्या एकाच झाडावर तीन आकारांची पानं असतात. त्यांतलं एक अंगठ्याच्या हातमोज्यासारखं दिसतं, आणि चुरगळलं की वास येतो. हिकरी सोनेरी, बीच तांबूस, स्कार्लेट ओक सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत गडद. तासाभरात पाच झाडं ओळखीची झाली, की डोंगर नुसता रंगीबेरंगी दिसायचं थांबतो. पिवळा पट्टा दिसला की तिथे ओलावा असावा हे कळतं, आणि कोरड्या धारेवर लाल-तपकिरी दिसला की ओक असणार हेही.

लाल कुठून येतो

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते सतत मोडतं आणि सतत नव्याने बनतं. रात्री लांबू लागल्या की झाड ते बनवणं थांबवतं, पानातलं नत्र आणि स्फुरद फांदीत परत ओढून घेतं, आणि देठाच्या बुडाशी पेशींचा थर घालून बाटलीला बूच बसवावं तसं पान बंद करतं. हिरवा ओसरला की पानात आधीपासून असलेली पिवळी-नारिंगी द्रव्यं उघडी पडतात. लाल रंगाची तऱ्हा वेगळी आहे. तो अँथोसायनिन या द्रव्याचा असतो, आणि बहुतेक झाडं तो गळायला आलेल्या पानात मुद्दाम नव्याने बनवतात. त्यासाठी साखर लागते, ऊन लागतं. दिवस लख्ख उन्हाचे आणि रात्री गार पण न गोठवणाऱ्या, असं लागोपाठ जमून आलं तर त्या वर्षी लाल खुलतो. ऑक्टोबर उबदार आणि ढगाळ गेला तर पिवळा दिसतो, लाल मात्र फिका राहतो.

जे पान आठवड्याभरात गळणार, त्याच्यावर झाडाने हा खर्च का करावा? एक मत असं, की हा लाल रंग उन्हापासून आडोसा देतो. हरितद्रव्य ओसरताना नाजूक झालेल्या पेशी त्यामुळे वाचतात आणि नत्र परत ओढायला झाडाला वेळ मिळतो. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाच्या नावावर त्याच्या मृत्यूनंतर २००१ साली आलेल्या निबंधात वेगळी कल्पना मांडली होती: हा भडकपणा किडींना इशारा आहे, की हे झाड तगडं आहे, इथे अंडी घालू नका. २००९ साली सिमखा लेव्ह-याडुन आणि यार्मो होलोपाइनेन यांनी त्यात डोंगरांची दिशा आणली. युरोपातली पानगळ मुख्यतः पिवळी आणि उत्तर अमेरिकेतली लाल, याचं कारण त्यांच्या मते असं, की आल्प्ससारख्या पूर्व-पश्चिम रांगांनी हिमयुगात झाडांची आणि त्यांच्या किडींची दक्षिणेची वाट अडवली आणि पुष्कळ जाती मेल्या. अमेरिकेत डोंगर उत्तर-दक्षिण धावतात, म्हणून झाडंही वाचली, शत्रूही वाचले, आणि लाल इशाराही टिकला. हे अजून अनुमानच आहे. पण अ‍ॅपलाचियन डोंगररांगेत उभं राहून ते ऐकताना समोरची धार कुठून कुठे जाते आहे, याकडे डोळे आपोआप जातात.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा लाल ओळखीचा वाटायला हवा. फाल्गुनात कुसुंबाला फुटणारी रक्तासारखी पालवी आणि पिंपळाची तांबूस कोवळी पानं यांतही अँथोसायनिनच असतं. आपल्याकडे ते पानाच्या जन्मावेळी येतं, इथे निरोपाच्या वेळी. नाजूक अवस्थेतल्या पानाला सांभाळणं, हेच काम दोन्हीकडे असावं असा तर्क आहे.

पिवळ्या पट्ट्यांखालची शेतं

वाटाडा आता एका सरळसोट, उंच, पिवळ्याधमक झाडांच्या राईकडे बोट दाखवतो. सगळी झाडं साधारण एका वयाची, सगळी ट्युलिप पॉपलर. हे झाड उघड्या, उन्हाच्या जमिनीवर सर्वांत आधी उगवतं. म्हणजे इथे कधीतरी उघडी जमीन होती. जवळ जाऊन पाहावं तर पाचोळ्यात दगडांची बसकी भिंत सापडते, कुठे चुलाण्याचं धुराडं एकटंच उभं असतं. इथे मक्याचं शेत होतं, घर होतं.

शंभर वर्षांपूर्वी हे डोंगर आजच्यासारखे नव्हते. १९०१ मध्ये लिटल रिव्हर लंबर कंपनी स्थापन झाली, टाउनसेंडला तिची गिरणी चालू झाली, दऱ्यांतून रूळ टाकले गेले आणि उतारच्या उतार बोडके झाले. मागे उरलेल्या फांद्यांना इंजिनांच्या ठिणग्यांनी आगी लागल्या, पावसाने माती धुतली. आजच्या जंगलाचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा कुऱ्हाड न लागलेला आहे. बाकी सारं पुन्हा उगवलेलं. लाखो लोक ज्याला अस्पर्श निसर्ग समजून डोळे भरून बघतात, ती खरं तर भरून आलेली जखम आहे. हे कळल्याने त्याचं सौंदर्य कमी होत नाही. सोडून दिलेला डोंगर नव्वद वर्षांत एवढा परत येऊ शकतो, याहून आशा देणारी गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही.

वर्गणी

यलोस्टोनसारखी पश्चिमेकडची उद्यानं सरकारी जमिनीवर झाली. इथे सगळी जमीन खाजगी होती: लाकूड आणि कागद कंपन्यांची, आणि शेतकऱ्यांची. सहा हजारांहून अधिक तुकडे एकेक करून विकत घ्यावे लागले. दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी प्रत्येकी वीस लाख डॉलर मंजूर केले. गावोगावी लोकांनी पैसे जमवले. शाळेतल्या मुलांनी आपले सुटे सेंट दिले. तरी निम्मे पैसे कमी पडत होते. १९२८ मध्ये जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी आपल्या आईच्या नावाच्या निधीतून पन्नास लाख डॉलर दिले. न्यूफाउंड गॅपच्या खिंडीत जो दगडी चौथरा आहे, जिथे लोक एक पाय टेनेसीत आणि एक नॉर्थ कॅरोलायनात ठेवून फोटो काढतात, तो त्या माउलीचं स्मारक आहे. १९३४ मध्ये उद्यान स्थापन झालं, आणि २ सप्टेंबर १९४० रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी याच चौथऱ्यावरून त्याचं लोकार्पण केलं.

पैशांखेरीजही वर्गणी होती. जॉर्ज मासा हा जपानहून आलेला माणूस अ‍ॅशव्हिलच्या हॉटेलात काम करता करता छायाचित्रकार झाला. जड कॅमेरा पाठीवर घेऊन तो या धारांवर चढायचा, सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून वाटा मोजायचा. त्याच्या छायाचित्रांनी आणि त्याचा मित्र, लेखक होरेस केपार्ट याच्या लेखणीने उद्यानाची बाजू लोकांपर्यंत नेली. उद्यान व्हायच्या आधीच, १९३३ मध्ये, तो गरिबीत वारला. आज केपार्टच्या नावाच्या शिखराशेजारी मासाच्या नावाचंही शिखर आहे. परदेशी येऊन राहिलेल्या आणि दर ऑक्टोबरात इथे येणाऱ्या आपल्या माणसांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. दुसऱ्याच्या देशातला डोंगर एवढा आपला करता येतो.

आता दुसऱ्या तऱ्हेची वर्गणी. उद्यानासाठी शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. केड्स कोव्हमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कुटुंबातल्या जॉन ऑलिव्हरने जमीन वाचवण्यासाठी कोर्टात लढा दिला आणि तो हरला. लिटल ग्रीनब्रायरच्या वॉकर बहिणींनी हलायला नकार दिला. शेवटी जमीन विकून त्यांनी मरेपर्यंत तिथेच राहण्याची मुभा मिळवली. शेवटची बहीण, लुइसा, १९६४ मध्ये गेली. त्यांचं लाकडी घर आजही आहे आणि रानातल्या वाटेने चालत तिथे जाता येतं. केड्स कोव्हची मोकळी कुरणं, जिथून सभोवारचे रंगलेले डोंगर एवढे देखणे दिसतात, तीही या उठलेल्या शेतकऱ्यांनी साफ केलेली जमीन आहे. उद्यान ती मुद्दाम मोकळी राखतं.

आणि त्याही आधी चेरोकी होते. १८३८ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना पश्चिमेकडे हाकललं. वाटेत हजारो मेले. काही जण या डोंगरांत लपून राहिले, काहींना जमीन राखता आली. त्यांचे वंशज, ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी, उद्यानाच्या दक्षिण वेशीला लागून असलेल्या क्वाला बाउंड्री या आपल्या भूमीवर राहतात. सर्वोच्च शिखराला दीडशेहून जास्त वर्षं क्लिंगमन या राजकारण्याचं नाव होतं. चेरोकींनी पाठपुरावा केला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला त्याचं जुनं नाव, कुवोही, परत मिळालं.

जे आता दिसत नाही

कुवोहीच्या वाटेवर रंगांच्या मधोमध पांढरेफटक उभे सांगाडे दिसतात. ते फ्रेझर फरचे. ही जात जगात फक्त दक्षिण अ‍ॅपलाचियन माथ्यांवर होते. १९६३ मध्ये उद्यानात परक्या देशातून आलेली एक बारीक कीड सापडली आणि मोठी झाडं मरत गेली. २००२ मध्ये दुसरी कीड हेमलॉकवर आली. ओढ्यांवर गार सावली धरणारे हे वृक्ष वाचवायला आज उद्यानाचे कर्मचारी एकेका झाडाला औषध देतात, कीड खाणारे भुंगे सोडतात.

सर्वांत मोठी उणीव चेस्टनटची. शतकापूर्वी इथे जवळजवळ दर तीन झाडांतलं एक अमेरिकन चेस्टनट असायचं. अस्वलं, डुकरं, माणसं, सगळी त्याच्या फळांवर जगत. आशियातून आलेली बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कला दिसली, १९२० च्या दशकात ती इथवर पोचली आणि दोन दशकांत उभे वृक्ष संपले. त्यांच्या जागी ओक आणि लाल मेपल वाढले. म्हणजे आज आपण ज्या लालीसाठी येतो, त्यातली काही एका मेलेल्या झाडाने रिकाम्या केलेल्या जागेत उगवलेली आहे. चेस्टनटच्या जुन्या मुळांतून अजून धुमारे फुटतात. थोडे वाढतात, बुरशी लागते, जळतात, पुन्हा फुटतात. वाटाड्याने वाकून असा एखादा करवती कडांच्या पानांचा धुमारा दाखवला, की त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या रंगांहून तो जास्त लक्षात राहतो.

आता हवामानबदलाची भर पडली आहे. लांबलेला उन्हाळा रंग पुढे ढकलतो, पावसाने ओढ दिली तर पानं रंगायच्या आधीच करपतात. म्हणून स्वयंसेवक इथल्या ठरलेल्या झाडांपाशी पुन्हापुन्हा जातात आणि कळी कधी फुटली, रंग कधी आला, पान कधी गळलं याची नोंद करतात. हे काम करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही, नेमाने यावं लागतं.

फुकट पाहण्याची किंमत

फाटक नाही, म्हणून गर्दीला आवर नाही. ऑक्टोबरच्या सुट्टीत केड्स कोव्हचा अकरा मैलांचा फेरा कित्येक तास घेतो. रस्त्याकडेच्या गवतात चाकं चढवून ठेवलेल्या गाड्या मुळं दाबतात, माती खचवतात. टोल लावायची बंदी असल्याने उद्यानाने १ मार्च २०२३ पासून गाडी उभी करण्याचं शुल्क सुरू केलं: दिवसाला पाच डॉलर, वर्षाला चाळीस. हा सगळा पैसा याच उद्यानात खर्च होतो. एका व्हॅनमधून दहा-बारा जण वाटाड्याबरोबर फिरतात, तेव्हा तीन-चार गाड्या रस्त्यावरून कमी होतात, हाही या सहलींचा छोटा पण खरा उपयोग.

२०१३ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनमधल्या अर्थसंकल्पाच्या भांडणात राष्ट्रीय उद्यानं बंद पडली, तेव्हा हे उद्यान उघडण्यासाठी दोन्ही राज्यांनी आपल्या तिजोरीतून पैसे भरले. आसपासच्या गावांचं वर्ष या महिन्यावर चालतं. २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा तशीच कोंडी झाली, आणि या वेळी पैसे देणाऱ्यांत टेनेसी राज्य आणि आसपासच्या काउंट्यांबरोबर ईस्टर्न बँड ऑफ चेरोकीही होते. ज्यांची ही जमीन हिरावली गेली, त्यांनीच ती सगळ्यांसाठी उघडी राहावी म्हणून हात पुढे केला. वर्गणी अजून चालू आहे.

आपल्यालाही यातून घेण्यासारखं आहे. स्मोकी डोंगर १९८३ मध्ये जागतिक वारसा ठरले, पश्चिम घाट २०१२ मध्ये. चांदोलीच्या रानातही उठलेल्या गावांची जोती आहेत. कास पठारावर स्थानिक गावांतली माणसं गर्दी आवरतात, फुलं दाखवतात. म्हणजे ही वाट आपल्याला अगदी अनोळखी नाही. फाल्गुन-चैत्रात कुसुंब पेटतो, पळस-पांगारा फुलतो, तेव्हाही सह्याद्रीत अशा पायी सहली निघायला हव्यात, आणि त्या चालवायला त्याच रानातून उठलेल्या गावांची मुलं हवीत. झाडाचं नाव त्यांना ठाऊक असतं, आणि त्या झाडाखाली कुणाचं खळं होतं हेही. पाहुण्याने त्यांना त्या ज्ञानाचे रास्त पैसे द्यावेत, निदान पाच झाडं ओळखायला शिकावं, आणि पुढच्या वर्षी त्याच झाडांपाशी परत येऊन पालवी कधी फुटली ते लिहून ठेवावं. एवढी वर्गणी तर प्रत्येकाला परवडेल.